मोजून दिलेले पाणी

सूरह अल-मोमिनूनची १८ वी आयत उन्हाळ्याच्या तोंडावर प्रत्येक घरात एकदा सावकाश वाचली जावी, अशी आहे. अल्लाहने आकाशातून पाणी ठरावीक मापाने उतरविले, ते जमिनीत ठेवले आणि ते काढून नेण्यासही तो समर्थ आहे, असा तिचा आशय. या आयतीचा शेवटचा भाग ऐकून आपले मन थरारते आणि हात दुआसाठी उचलले जातात. ते योग्यच आहे. परंतु पहिल्या दोन भागांकडे आपले लक्ष क्वचितच जाते. पाणी मापाने आले आहे, आणि ते जमिनीत ठेवलेले आहे. ज्याने मापून दिले त्याच्यापुढे एके दिवशी हिशेबाला उभे राहायचे आहे. मग दिलेले माप किती होते, हे घेणाऱ्याला ठाऊक असायला नको काय?

वाचक बंधू-भगिनींनो, हा प्रश्न येथे नेर परसोपंत आणि यवतमाळ जिल्हा डोळ्यांपुढे ठेवून विचारला आहे. या जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. नगर किंवा सोलापूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हा आकडा सांगितला, तर त्याला हेवाच वाटेल. तरीही २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराला पाणी पुरविणारी निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणे तळाला गेली, आणि जिल्ह्याच्या मुख्यालयात माणसांना टँकरमागे धावावे लागले. आदल्या वर्षी पाऊस कमी पडला होता, हे खरे आहे. पण एका कमी पावसाने जे गाव कोलमडते, त्या गावाला आपल्या पाण्याचा हिशेब ठाऊक नव्हता, असेच म्हणावे लागते.

नेरच्या जमिनीखाली काय आहे, ते पाहू. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. वाळूच्या थरांत पाणी साठते तसे या पाषाणात साठत नाही. वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत जेवढी जागा आहे, तेवढेच पाणी राहते. ही तिजोरी लहान आहे. चांगल्या पावसाने ती भरते, आणि भरल्यानंतर पडलेले पाणी नाल्यावाटे निघून जाते. पावसाळ्यानंतर आठ महिने तिच्यातून केवळ काढणे चालते, घालणे नाही. आयतीतील ‘जमिनीत ठेवले’ हे शब्द नेरच्या माणसाने याच अर्थाने ऐकावेत. ठेव ठेवणारा अल्लाह आहे आणि ठेव मर्यादित आहे.

सृष्टीतील इतर जीव या मर्यादेत कसे जगतात, तेही पाहण्यासारखे आहे. सूरह अल-अनआमच्या ३८ व्या आयतीत जमिनीवर चालणारे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी यांना मानवाप्रमाणेच ‘उम्मत’ म्हटले आहे. या उम्मतींची रीत आपल्या जिल्ह्यातच दिसते. पाणी कमी होऊ लागले की साग आपली रुंद पाने गाळून टाकतो, कारण पानांवाटे पाणी उडून जाते. जंगल उजाड दिसते. वस्तुतः ते खर्च आवरून बसलेले असते. पळस पाने टाकून देतो आणि त्याच निष्पर्ण अवस्थेत फुलतो. बेडूक ओलाव्याच्या शोधात चिखलात शिरतो आणि पाऊस येईपर्यंत हालचाल थांबवितो. आपली काळी मातीसुद्धा वाळली की तडकते, आणि वळवाचा पहिला पाऊस त्याच भेगांतून खोल शिरतो. यांपैकी कोणीही शेजाऱ्याच्या तोंडचे पाणी ओढून उन्हाळा काढीत नाही. प्रत्येकजण गरज आखडतो. झाडाला बुद्धी नाही, म्हणून त्याला यात पुण्यही नाही. पण ज्याला बुद्धी दिली आहे त्याला यातून लाज वाटायला हरकत नसावी.

जेथे गरज आखडूनही भागत नाही, तेथे माणसाने त्यांचा वाटा राखून ठेवायचा असतो. याच जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात उन्हाळ्यात वन विभाग पाणवठे भरतो. ही काही आधुनिक काळातील हौस नव्हे. हजरत सालेह (अलै.) यांच्या लोकांना, म्हणजे समूद जातीला, जी परीक्षा दिली गेली ती पाण्याच्या वाट्याचीच होती. सूरह अश-शुअरा (आयत १५५) आणि सूरह अल-कमर (आयत २८) या दोन्ही ठिकाणी सांगितले आहे की, पाण्याची पाळी ठरवून दिली होती. एक दिवस उंटिणीचा आणि एक दिवस लोकांचा. डोंगर कोरून घरे करणाऱ्या त्या समर्थ जातीला एका मुक्या जनावराची पाळी सहन झाली नाही. त्यांनी उंटिणीला ठार केले आणि त्यांचा नाश झाला. आपण ही कथा चमत्कार म्हणून सांगतो. समूदची परीक्षा विहिरीच्या काठावर झाली, हे आपल्या सांगण्यातून निसटते.

आता आपल्या रीतीकडे वळू. विहीर आटली की आपण तिच्याजवळ बोअर घेतो. शंभर फुटांवर पाणी लागले नाही तर दोनशे, दोनशेवर नाही तर चारशे. चारशे फुटांवर लागलेले पाणी अल्लाहचा फज्ल समजून गूळ वाटतो. परंतु ते पाणी कोठून आले, असे विचारीत नाही. काळ्या पाषाणात फार खोल, फार मोठा साठा सहसा नसतो. पुष्कळदा वरच्याच थरातील पाणी भेगांवाटे त्या छिद्राकडे ओढले जाते, आणि चार घरे पलीकडच्या तीस फुटी विहिरीचा तळ दिसू लागतो. त्या विहिरीवर ज्या बाईचा संसार चालत होता, तिच्या डोक्यावर आता दोन हंडे येतात आणि वाट लांबते. बोअर घेणाऱ्याने कोणाचे काही चोरले, असे कोणी म्हणत नाही. शरियतच्या दृष्टीने मात्र हा प्रश्न इतका सोपा नाही.

इस्लामी फिकहमध्ये विहिरीला ‘हरीम’ मानला आहे, म्हणजे विहिरीभोवतीची अशी जागा जेथे दुसऱ्याने खोदू नये. इब्ने माजा यांच्या संग्रहातील एका हदीसमध्ये जनावरांना पाणी पाजण्याच्या विहिरीसाठी ४० हातांचे अंतर आले आहे. इमामांनी त्यावरून पुढे जमिनीचा मगदूर आणि विहिरीचा प्रकार पाहून अधिक-उणे अंतर धरले, कारण हेतू अंतराचा नव्हता, आधीच्या विहिरीला अपाय होऊ नये हा होता. आज आपल्या राज्याचा कायदाही याच वाटेने चालतो, हे किती जणांना माहीत आहे? १९९३ च्या महाराष्ट्र भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेण्यास मनाई केली. त्यानंतरच्या २००९ च्या कायद्याने शेती व उद्योगासाठी ६० मीटरहून खोल विहीर घेण्यावर बंदी घातली. ६० मीटर म्हणजे सुमारे २०० फूट. तेव्हा चारशे फुटांवरच्या पाण्याबद्दल गूळ वाटण्यापूर्वी थोडे थांबावे. आपण करार पाळणारे लोक आहोत, असे आपणच सांगत असतो. देशाचा कायदा हाही नागरिकाने केलेला करारच आहे, आणि जो कायदा निर्बलाच्या विहिरीचे रक्षण करतो तो मोडणे तर दुप्पट वाईट.

मदीनेत पाण्यावरून वाद झाले नाहीत, असे नाही. बुखारीमध्ये हजरत जुबैर (रजि.) आणि एका अन्सारी शेजाऱ्याचा वाद आला आहे. पाट वरून येत होता, जुबैर (रजि.) यांची बाग आधी लागत होती. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रथम त्यांना आपल्या खजुरींना पाणी देऊन मग ते शेजाऱ्याकडे सोडण्यास सांगितले, म्हणजे वरच्याला हक्काहून थोडे कमी घेण्याचा सल्ला दिला. शेजाऱ्याने पक्षपाताचा आरोप केला, तेव्हा वरच्याला त्याचा पूर्ण हक्क मिळाला, पण त्यालाही पाणी बांधापर्यंत चढेतोच, पुढे नाही. महजूर नावाच्या ओढ्याविषयी असाच निर्णय हदीसमध्ये नोंदला आहे: वरच्याने घोट्यापर्यंत पाणी अडवावे आणि नंतर खाली सोडावे. या निर्णयात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो घोटा. ‘गरजेपुरते घ्या’ एवढे सांगितले असते, तर प्रत्येकाची गरज वाढत गेली असती. घोटा मात्र प्रत्येकाला असतो आणि तो सर्वांना दिसतो. पाण्याचा न्याय करायचा असेल तर सर्वांना दिसेल असे माप हवे.

आपल्या पूर्वजांना हे कळले होते. अकराव्या शतकाच्या आरंभी अल-करजी या गणितज्ञाने जमिनीखालील लपलेल्या पाण्यावर अरबीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पाणी कोठे असेल याच्या खुणा, जमिनीचा चढ-उतार मोजण्याची साधने, भुयारी पाट खोदण्याची रीत आणि विहिरीचा हरीम, हे सारे त्यात एकत्र आले आहे. फिकह एकीकडे आणि विज्ञान दुसरीकडे, अशी वाटणी त्याने केली नाही. हीच विद्या आपल्या दारापर्यंत आली. मलिक अंबरने सतराव्या शतकात खडकी, म्हणजे पुढील औरंगाबाद, येथे नहर-ए-अंबरी खोदविली. विदर्भाच्या सीमेला लागून असलेल्या बुऱ्हाणपुरात १६१५ मध्ये अब्दुर्रहीम खानखानाच्या काळी कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या पाटाने, ओळीने खोदलेल्या कुंड्यांखालून, केवळ उताराच्या बळावर शहरात येते. त्यातून आजही पाणी वाहते. चार शतकांत तो आटला नाही याचे एक कारण असे की, तो झिरपते तेवढेच घेतो. मोटर लावून उद्याचे पाणी आज ओढण्याची सोय त्यात नाही.

आपण या वास्तू पाहायला जातो, छायाचित्रे काढतो आणि अभिमानाने परततो. पूर्वजांच्या ज्ञानाचा अभिमान बाळगणे फुकट असते, म्हणून तो सर्वांना परवडतो. अल-करजीने केले ते काम, म्हणजे जमिनीखालचे पाणी समजून घेणे, आज आपल्या राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा करते. तिने ठिकठिकाणी निरीक्षण विहिरी निवडल्या आहेत आणि त्यांतील पातळी वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत मोजली जाते. मे महिन्याची पातळी जमिनीची गरिबी सांगते आणि ऑक्टोबरची पातळी त्या वर्षी काय मिळाले ते सांगते. हे करायला पदवी लागत नाही. दोरी, तिच्या टोकाला वजन आणि एक वही पुरते.

नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने हेच केले. तेथे पाऊस नेरच्या निम्म्याच्या आसपास. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले, त्यानंतर गावाने डोंगरावर चर खोदले, झाडे राखली, आणि पुढे पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडण्याचा पायंडा पाडला. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, पिण्यासाठी व जनावरांसाठी किती लागेल, हे आधी. उरले त्यावर कोणते पीक घ्यायचे ते नंतर. शेतीसाठी बोअर घेणे गावाने बंद केले, उसाला जागा ठेवली नाही. चर पुष्कळ गावांनी खोदले आहेत. हिवरे बाजार वेगळे ठरले ते या ताळेबंदामुळे, असे माझे मत आहे. कारण चर खोदायला उत्साह पुरतो, पण हाती पैसा असताना बोअर न घेण्यास संयम लागतो. याच गावात एकच मुस्लिम कुटुंब आहे आणि त्याच्यासाठी गावकऱ्यांनी मशीद बांधून दिली, ही गोष्टही सर्वश्रुत आहे. पाण्याचा चोख हिशेब ठेवणारे गाव माणसांच्या हिशेबातही कोणाला वगळीत नाही, हे पाहून मला नवल वाटले नाही.

मोजणी आणि श्रद्धा यांचा विरोध आहे, असे काहींना वाटते. ‘देणारा अल्लाह आहे, आपण मोजणारे कोण?’ असे ते म्हणतात. त्यांनी सूरह यूसुफ वाचावी. सात सुकाळी वर्षांत पिकलेले धान्य कणसांतच ठेवावे, खाण्यापुरते थोडेच काढावे, म्हणजे पुढील सात दुष्काळी वर्षे निभावतील, ही योजना एका प्रेषिताने सांगितली आणि तिला वह्यचा आधार होता. त्यांनी हजरत उमर (रजि.) यांच्या काळातील हिजरी १८ चा दुष्काळही आठवावा, ज्या वर्षाला राखेचे वर्ष म्हटले गेले. खलीफांनी शामहून धान्य मागविले. लोकांना मिळेपर्यंत तूप-मांस आपल्या तोंडी घातले नाही. मदीनेत सरकारी अन्नछत्रावर जेवणाऱ्यांची त्यांनी गणती करविली. जे आजारी किंवा लहान असल्याने तेथवर येऊ शकत नव्हते त्यांचीही वेगळी गणती करविली. आणि मग हजरत अब्बास (रजि.) यांना पुढे घेऊन त्यांनी पावसासाठी दुआ केली. दुआ करणारे आणि गणती करविणारे उमर (रजि.) एकच होते. इस्तिस्काच्या नमाजसाठी आपण जुन्या, साध्या कपड्यांत, नम्रपणे मैदानात जातो, ती सुन्नत आहे. त्या मैदानात उभे राहताना गावातील कोणत्या गल्लीत पाणी नाही हे आपल्याला ठाऊक नसेल, तर आपण कोणासाठी मागत आहोत?

आता मशिदीच्या हौदाकडे या. बुखारी व मुस्लिममध्ये आले आहे की, प्रेषित (स.) एक ‘मुद्द’ पाण्यात वुजू आणि एक ‘साअ’ ते पाच मुद्द पाण्यात गुस्ल करीत. मुद्द म्हणजे हनफी हिशेबाने एक लिटरच्या आसपास. इतर इमामांच्या हिशेबाने पाऊण लिटरहूनही कमी. वाहत्या नदीवरसुद्धा वुजूत पाणी वाया घालवू नये, ही हजरत सअद (रजि.) यांना केलेली ताकीद आपण नेहमी ऐकतो, तिच्या सनदीवर हदीसच्या काही जाणकारांनी आक्षेप घेतला आहे, पण एका मुद्दची सुन्नत तर निर्विवाद आहे. नळ उघडा सोडून वुजू केला तर सहज सहा-सात लिटर जातात. एकेका वुजूमागे पाच लिटर जादा आणि दिवसाच्या पाच नमाजांना मिळून ४०० वुजू धरले, तर रोज २,००० लिटर होतात, आणि एका उन्हाळी महिन्यात ६०,००० लिटर. हा आकडा कोणत्याही मुतवल्लींनी आपल्या मशिदीपुरता स्वतः काढून पाहावा. नळाऐवजी लोटा परत आणला तरी पुरे. वुजूचे वाहून जाणारे पाणी शोषखड्ड्यात सोडले तर ते निदान ज्या थरातून आले तेथे परत जाण्याच्या वाटेला लागेल. छपराचेही पाहा: १,००० चौरस फूट छपरावर ९०० मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ८३,००० लिटर. यातील बरेचसे आज गटारात जाते.

आणखी एक गोष्ट, जी सांगताना मला संकोच वाटतो पण टाळता येत नाही. अनेक ठिकाणी मशिदीची स्वतःची बोअर असते आणि आजूबाजूची वस्ती तहानलेली असते. नमाजानंतर फाटकाला कुलूप लागते. गरजेहून अधिक पाणी असताना ते वाटसरूला नाकारणाऱ्याकडे अल्लाह कयामतच्या दिवशी पाहणारही नाही, अशी हदीस बुखारीत आहे. मशिदीच्या बोअरला या हदीसमधून सूट मिळाल्याचे माझ्या वाचनात नाही. भिंतीच्या बाहेरच्या बाजूला एक नळ काढावा, आणि तो कोणत्या धर्माची घागर भरतो याची चौकशी करू नये. हजरत उस्मान (रजि.) यांनी रूमाची विहीर विकत घेऊन खुली केली ती विकतचे पाणी न परवडणाऱ्यांसाठी. हजरत सअद बिन उबादा (रजि.) यांनी आईच्या नावे कोणता सदका उत्तम, असे विचारले तेव्हा ‘पाणी’ हेच उत्तर मिळाले आणि त्यांनी विहीर खोदविली. मात्र आज नेरच्या पाषाणात आईवडिलांच्या नावे नवी बोअर घेण्यापेक्षा, गाळाने भरलेली एखादी जुनी विहीर उपसून तिच्याभोवती छपराचे पाणी मुरविणे हा अधिक सरस सदका ठरावा. बोअरवर नावाची पाटी लावता येते आणि उपसलेल्या गाळावर लावता येत नाही, ही अडचण तेवढी आहे.

हे काम तरुणांनी हाती घ्यावे. विहिरींची पाहणी करताना घरातील स्त्रियांना सोबत घ्यावे, कारण कोणत्या विहिरीला कोणत्या महिन्यात किती हंडे पाणी असते, ही माहिती यंत्रणेच्या नोंदीतही नसेल एवढ्या बारकाईने त्यांच्याजवळ असते. मोहल्ल्यातील चार विहिरी निवडाव्यात. काठावर एक खूण करावी आणि प्रत्येक वेळी त्याच खुणेपासून दोरी सोडावी, सकाळी, उपसा सुरू होण्यापूर्वी. पहिली नोंद मेच्या अखेरीस घ्यावी, दुसरी ऑक्टोबरमध्ये. कागद मशिदीत नमाजच्या वेळापत्रकाशेजारी लावावा आणि एक प्रत ग्रामपंचायतीला किंवा नगरपंचायतीला द्यावी.